‘येतो’ म्हणताना

मराठी माणूस घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. उंबऱ्याशी ‘जातो’ हा शब्द उच्चारू नये, ही शिकवण आपणां सर्वांना लहानपणीच मिळालेली असते, आणि कोपऱ्यावरून भाजी आणावयास निघालेला गृहस्थही ‘येतो हं’ म्हणूनच पायांत चपला सरकवतो. या रीतीकडे आम्ही आजवर एक गोड शिष्टाचार म्हणूनच पाहत आलो होतो. परंतु गेल्या दोन महिन्यांत या साध्या शब्दाने आम्हांला पुष्कळच अस्वस्थ केले आहे. येत्या महिन्याच्या अखेरीस आम्हांला ‘येतो’ म्हणून जे निघायचे आहे, ते दोन वर्षांसाठी.

प्रसंग तसा मोठा नाही. आम्ही ज्या संस्थेत अभियंता म्हणून नोकरी करतो, तिने युगांडातील पाणीपुरवठ्याच्या एका कामावर आमची नेमणूक केली आहे. कामाची जागा कंपालापासून दूर, राहणे छावणीत, आणि कुटुंब बरोबर नेता येणार नाही अशी अट. वेतन मात्र येथल्याच्या दुपटीहून अधिक. नकार देण्याची मुभा होती. आम्ही होकार दिला. नोएडातील आमच्या घरात आमच्याखेरीज तीन माणसे आहेत : एका शाळेत शिकवणारी पत्नी, दहावीत गेलेली मुलगी आणि ८६ वर्षांची आई. या तिघींना मागे ठेवून जाण्याची तयारी आम्ही करीत आहोत, आणि त्या तयारीनेच आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटणार नाही.

तयारी म्हणजे काय? परदेशी जाणाऱ्याला प्रथम कागद जमवावे लागतात. पिवळ्या तापाची लस प्रवासापूर्वी निदान १० दिवस टोचून घ्यावी लागते. बँकेत वारसाचे नाव लावून घ्यायचे, पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यायचे, विम्याचे हप्ते कोणत्या खात्यातून जातील ते ठरवायचे. हे उरकल्यावर आम्ही एक जाड वही आणली आणि तीत घर लिहून काढण्यास आरंभ केला. नळदुरुस्ती करणाऱ्याचा क्रमांक, वीज गेल्यावर कोणती कळ आधी दाबायची, पाण्याची टाकी कधी धुवायची, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या दुकानातून आणायच्या, नोव्हेंबरात धूर दाटू लागला की तिला सकाळच्या फेरीला नेऊ नये, मुलीच्या परीक्षेचे शुल्क कोणत्या महिन्यात भरायचे, अशी ९० पाने भरली. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही लिहीत बसत असू. प्रत्येक पान पुरे झाले की मनाला एक प्रकारचे समाधान वाटे. आपण घराची व्यवस्था लावीत आहोत, आपण नसलो तरी काही अडणार नाही, असे ते समाधान होते.

एका रात्री मुलीने ती वही चाळली. बराच वेळ चाळली आणि म्हणाली, “बाबा, यात सगळं आहे. पण मी ‘नको’ म्हटलं असतं, तर तुम्ही गेला नसता का?”

आम्ही म्हणालो, “अगं, हे सगळं तुमच्यासाठीच तर आहे.”

तिने वही मिटली व ती निजावयास गेली. ती गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, तिने विचारलेल्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलेच नव्हते. भलत्याच एका प्रश्नाचे उत्तर देऊन आम्ही तिला गप्प केले होते.

‘तुमच्यासाठी’ हा शब्द घर सोडून जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर असतो. तो सर्वस्वी खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. घराच्या कर्जाचे हप्ते आहेत, मुलीचे पुढचे शिक्षण आहे, आईची औषधे आहेत. दोन वर्षांच्या वेतनाने यांतले बरेच सुटेल. पण मनाशी प्रामाणिकपणे हिशेब मांडू लागताच आणखीही काही बाबी दिसू लागल्या. आमचे वय ५२. गेली १० वर्षे आमचे काम म्हणजे इतरांनी केलेल्या कामाच्या फायली वाचणे. प्रत्यक्ष जमिनीवर उभे राहून, नळ टाकून, जिथे पाणी नव्हते तिथे ते आलेले पाहण्याची ही बहुधा शेवटची संधी. शिवाय पुष्कळांमधून आपली निवड झाली, याचा आनंदही होताच. होकाराच्या पत्रावर सही करताना आमच्या डोळ्यांसमोर आईच्या गोळ्या नव्हत्या. ती छावणी होती. मग हे सगळे ‘तुमच्यासाठी’ कसे?

आणि हा शब्द नुसता अपुरा आहे, एवढेच नाही. तो आणखी एक गोष्ट करतो. ज्याच्यासाठी म्हणून काही केले जाते, त्याला तक्रार करता येत नाही, उलट उपकार मानावे लागतात. जो जातो तो खरे पाहता मागे राहणाऱ्यांचे काही घेऊन जात असतो : आपला सहवास, संध्याकाळची वेळ, आजारपणातला आधार, आणि त्या दोन वर्षांत वाढणाऱ्या मुलीच्या वाढीचा साक्षीदार. न्यायाने पाहिले तर ऋणको तो आहे. पण ‘तुमच्यासाठी’ म्हणताच खाते उलटे होते. जाणारा धनको ठरतो आणि राहणारी माणसे त्याची देणेकरी. परतल्यावर तो म्हणू शकतो, “मी तुमच्यासाठी एवढे केले!” अशी वाक्ये आपण सर्वांनी कोणत्या ना कोणत्या घरात ऐकलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट आम्ही आईजवळ बोललो. आमचे वडील १९५८ साली साताऱ्याहून दिल्लीस सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले. येथील जुन्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांचा आरंभ असाच आहे. मुंबईहून पंजाब मेलने एकट्याने यायचे, करोलबागेत किंवा पहाडगंजात चौघांनी मिळून एक खोली घ्यायची, आणि सरकारी घर मिळेपर्यंत बायकोला सासरी ठेवायचे. आईला अडीच वर्षे साताऱ्यास राहावे लागले. हा इतिहास आम्ही लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकला होता : ती खोली, हिवाळ्यातले गार पाणी, खानावळीतली पोळी. आईचा इतिहास मात्र आम्ही कधी विचारला नव्हता.

आई म्हणाली, “तेही असंच म्हणाले होते, तुमच्यासाठीच जातो. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. ‘नका जाऊ’ म्हणावं असं फार वाटलं. पण माझ्यासाठी जाणाऱ्या माणसाला मी ‘नका’ कशी म्हणणार?”

“मग काय केलंस?” आम्ही विचारले.

“काय करणार? वाटेतला डबा करून दिला.”

सुमारे ६७ वर्षे हा ‘नका’ तिच्यापाशी होता. वडिलांना तो ठाऊक झाला नाही. ते निष्ठुर नव्हते. त्यांनी फक्त तिला बोलण्याची जागा ठेवली नव्हती.

समजूत घालणे आणि संमती घेणे या दोन गोष्टी आपण व्यवहारात एकच धरतो. वस्तुतः त्या परस्परविरुद्ध आहेत. संमती मागणारा ‘नाही’ ऐकण्याची तयारी ठेवून मागतो. समजूत घालणारा निर्णय आधीच करून येतो, आणि समोरच्याचा ‘नाही’ उमटण्यापूर्वीच तो विरघळवून टाकतो. आमच्या दोन महिन्यांच्या तयारीत आम्ही घरातल्या प्रत्येकीची समजूत घातली होती. ती ९० पानांची वही हेदेखील समजूत घालण्याचेच एक साधन होते. आणि सर्वांत अधिक समजूत तिने आमची घातली होती.

या ठिकाणी आम्हांला धर्मानंद कोसंबी यांची आठवण होते. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या पुरुषाने १८९९ च्या अखेरीस, मुलगी तान्ही असताना, पत्नी बाळाबाई व ते मूल यांना मागे ठेवून ज्ञानाच्या शोधार्थ घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. स्थिर संसाराकडे ते वळले १९०६ च्या सुमारास. पुढे १९१० साली ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. आजच्या भाषेत ही परदेशातली नेमणूकच. १९१८ साली पुन्हा जाताना मात्र त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी घर सोडल्याची हकिगत मोकळेपणाने सांगितली आहे.

याच कोसंबींनी १९४०-४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात एक मुद्दा मांडला, तो आमच्या प्रश्नाशी फार जवळचा आहे. सिद्धार्थ मध्यरात्री, पत्नी व बाळ निद्रेत असताना, घोड्यावर बसून गुपचूप निघून गेला, ही कथा आपण चित्रांत पाहिली आहे. कोसंबींनी ती ग्राह्य मानली नाही. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात बुद्धाच्या स्वतःच्या तोंडी जी हकिगत आहे, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवले. तीत रात्र नाही, घोडा नाही, झोपलेली माणसे नाहीत. आईबापांची इच्छा नव्हती, ते अश्रू ढाळीत होते, आणि त्यांच्या देखत तो तरुण मुंडन करून घराबाहेर पडला, एवढेच आहे. स्वतः घर सोडून गेलेल्या पंडिताने हा फरक इतक्या काळजीने नोंदवावा, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्या दोन हकिगतींमध्ये नीतीचे जे अंतर आहे, तेवढेच आम्ही पाहतो.

पहिल्या कथेतला जाणारा माणूस मागे राहणाऱ्यांचे रडणे टाळतो. दुसरीतला ते टाळत नाही. संमती त्यालाही मिळालेली नाही. तरीही तो जातो. पण ज्यांना तो दुःख देत आहे, त्यांना तो निजवीत नाही. त्यांचे अश्रू त्यांच्यापाशी राहतात आणि ते त्याने पाहिलेले असतात. आज कोणी घरच्यांना झोपेत सोडून जात नाही, हे खरे. दिल्लीहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, तरी सारे घर विमानतळावर जागे उभे असते. परंतु निजवण्याचे प्रकार अनेक आहेत. ‘तुमच्यासाठी’ हीही एक अंगाईच आहे.

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. ७ एप्रिल १८८३ रोजी, नुकतीच १८ वर्षे पुरी झालेली ही मुलगी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून जहाजाने निघाली. टपाल खात्यात नोकरी करणारे पती गोपाळराव मागे राहिले. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारीस श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने जाहीर भाषण केले. अमेरिकेस का जाते, एकटी का जाते, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, परमुलुखात काही विपरीत ओढवले तर काय, असे लोक विचारीत असलेले प्रश्न तिने स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. स्त्रियांवर उपचार करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांची देशाला गरज आहे हे तिने सांगितले, आणि त्यासाठी मी स्वतः पुढे होते असेही सांगितले. मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. या जाण्याची किंमत फार मोठी झाली. तथापि आमचे लक्ष त्या भाषणाकडे जाते. तिने आपले जाणे स्वतःच्या नावावर लिहिले. कोणाही विरोधकाला तिने बोलण्यास जागा नाकारली नाही. उलट त्यांचेच प्रश्न आपल्या तोंडाने विचारले.

यावर एक रास्त आक्षेप येईल. संमती, समजूत, ‘मी’ आणि ‘तुम्ही’ ही सारी चर्चा पोटभर जेवणाऱ्यांची आहे. ज्याला जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्याने कोणाची संमती घ्यायची? आम्ही निघालो आहोत त्याच युगांडाच्या दिशेने, तिकडचा लोहमार्ग बांधण्यासाठी, १८९६ पासून पाचसहा वर्षांत ३० हजारांहून अधिक हिंदी मजूर करारावर गेले. त्यांतले हजारो परत आले नाहीत. त्यांना असले प्रश्न पडण्याइतकी उसंत कुठली?

आक्षेप आम्हांला इतका खरा वाटला, की तो आम्ही एका माणसापुढे ठेवला. आमच्या वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळी करणारा पहारेकरी बिहारमधल्या दरभंगा जिल्ह्यातला आहे. ९ वर्षे तो येथे आहे; बायकामुले गावी. आम्ही रोज त्याच्या समोरून गाडी आत घेतो, पण आपल्या दारातच एक माणूस घर मागे ठेवून ‘परदेशी’ नोकरीला आलेला आहे, हे आमची स्वतःची नेमणूक होईपर्यंत आमच्या मनात आले नव्हते. घरून निघताना काय सांगतोस, असे त्याला विचारले. तो म्हणाला, “सांगायचं काय साहेब? छठला येईन, एवढंच सांगतो.” मग थोडे थांबून म्हणाला, “एक साल सुट्टी मिळाली नाही. मुलगा अजून ते काढतो.”

‘तुमच्यासाठी’ हा शब्द त्याने वापरला नाही. त्याला त्याची गरजच नव्हती. तो कशासाठी आला आहे, हे त्याच्या घरच्यांना सांगावे लागत नाही. जिथे खरी निकड असते तिथे हा शब्द अनावश्यक असतो, आणि जिथे निवडीला वाव असतो तिथे तो पुरता खरा नसतो. मग तो उरतो कशाला? आमच्या मते जाणाऱ्याच्या सोयीला. निकडीने गेलेल्या त्या माणसाने घरच्यांना एकच वस्तू दिली होती : परतण्याचा दिवस. तो एकदा चुकला, तर मुलाने त्याची नोंद ठेवली. मूल धनको होते आणि बापाला ते मान्य होते.

गेल्या रविवारी आम्ही तिघींना बसवले आणि जे दोन महिन्यांपूर्वी बोलायला हवे होते, ते बोललो. “मला जायचं आहे. थोडं तुमच्यासाठी, बरंचसं माझ्यासाठी. तुम्हांला काय वाटतं ते सांगा. मी कोणाची समजूत घालणार नाही.”

पत्नी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की, हे कोणी विचारील याची वाट ती दोन महिने पाहत होती. तिचा विरोध नव्हता. पण दोन वर्षांवर एक दिवसही मुदतवाढ घ्यायची नाही, मग वेतन कितीही वाढो, असे तिने बजावले. मुलगी म्हणाली, “मला नको आहे.” कारण तिने दिले नाही, आणि आम्ही ते मागितले नाही. समजूत न घालता गप्प बसणे ही किती कठीण गोष्ट आहे, ते त्या पाच मिनिटांत कळले. आई शेवटी बोलली : “माझ्या वयाला दोन वर्षं म्हणजे किती, हे तू हिशेबात धरलंस का रे?”

वहीच्या ९० पानांत हे कोठेही नव्हते. तिच्या गोळ्यांची वेळ होती, डॉक्टरांचा पत्ता होता. पण आपण परत येऊ तेव्हा ती नसेल, ही शक्यता आम्ही लिहिली नव्हती, कारण आम्ही ती स्वतःपासूनच लपवली होती. आम्ही आईला खरे ते सांगितले : “नव्हतं धरलं.” ती म्हणाली, “मग आता धर.”

ते धरल्यावर आमच्या बेतात काही बदल झाले. पहिली रजा वर्षाने घ्यायची होती, ती सहा महिन्यांनी, स्वतःच्या खर्चाने घेण्याचे कचेरीकडून मान्य करून घेतले आहे. रात्री आईजवळ निजण्यासाठी एक बाई ठेवली आहे. आईची प्रकृती ढासळली तर काम अर्धे टाकून यायचे, हे आधीच ठरवले आहे. आणि त्यात नुकसान होईल ते आमचे असेल.

पण आम्ही जात आहोत. मुलीचा ‘नको’ तसाच उभा असताना जात आहोत. तो चुकीचा आहे असे आम्ही सिद्ध केलेले नाही, आणि तो मोडून काढण्याचा आम्हांला अधिकार आहे असेही वाटत नाही. माणसाने आपल्या कामासाठी जावे की घरासाठी राहावे, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर आमच्यापाशी नाही. एवढेच म्हणता येते, की जाणाऱ्याने आपले जाणे मागे राहणाऱ्यांच्या खात्यावर लिहू नये. त्यांनी रडावे, रागवावे, ‘नको’ म्हणावे, आणि ते आपण ऐकून, पाहून मग पाऊल उचलावे. परतल्यावर कृतज्ञतेची अपेक्षा धरू नये. क्षमा मिळाली तर पुष्कळ समजावे.

‘येतो’ या शब्दाचा अर्थ आता आम्हांला निराळा दिसतो. ‘जातो’चे अशुभ टाळण्यासाठी योजलेला तो केवळ गोड पर्याय नाही. ऋणकोने उंबऱ्यावर उभे राहून लिहून दिलेली ती चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर मुदतीची तारीख नसेल, तर तिला किंमत नाही. परवा मुलीने ती वही पुन्हा मागून घेतली आणि पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या पहिल्या रजेची तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. दुसरे काही बोलली नाही. त्या दिवशी आम्ही दारात उभे असलो, तर निघताना म्हटलेला ‘येतो’ खरा ठरेल.